अक्षरांची फाती



वार्षिक अंकासाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळातील मुलांनी मला सांगितले, तेव्हा एखाद्या कवीवर किंवा संतांच्या अभंगवाणीवर लेख मिळावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. मराठीच्या शिक्षिकेकडून दुसरे काय मागावे? परंतु या वर्षी माझ्या मनात जे सतत घोळत राहिले ते काव्य नव्हे आणि व्याकरणही नव्हे. ते आहे संगणकाच्या तासाला आपण केलेला अक्षरांचा अभ्यास, आणि त्या अभ्यासात माझ्या हातून घडलेली एक चूक. ती तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही ती कळावी, म्हणून हा लेख.

मी कला शाखेची पदवीधर. गणिताशी माझी मैत्री शालान्त परीक्षेपुरतीच होती. निकाल लागला आणि आम्ही दोघींनी एकमेकींचा आनंदाने निरोप घेतला. त्यामुळे संगणकाचा तास काही महिने मला घ्यावा लागेल असे समजले, तेव्हा माझ्या पोटात गोळा उठला. त्या सुट्टीत मी पायथन नावाच्या संगणकभाषेचे प्राथमिक पुस्तक घेऊन बसले. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ही भाषा रचली आणि १९९१ साली ती प्रथम प्रसिद्ध केली. पहिली प्रकरणे आकडेमोडीची होती. ती मी कडू काढा प्यावा तशी डोळे मिटून गिळली. मग एक प्रकरण असे आले की तेथे मला एकदम आपल्या अंगणात आल्यासारखे वाटले. त्या प्रकरणाचे नाव होते 'स्ट्रिंग'.

स्ट्रिंग म्हणजे दोरा, सर, माळ. अवतरणचिन्हांच्या आत आपण जो मजकूर लिहितो त्याला संगणकाच्या परिभाषेत हे नाव आहे. हा शब्द वाचताच मला माझी आजी दिसू लागली. सकाळची कामे आटोपली की ती माजघराच्या दाराशी बसे आणि केळीच्या ओल्या धाग्यात अबोलीची फुले गुंफून फाती करी. दोन फुले इकडे, दोन फुले तिकडे, मध्ये एक गाठ. मी लहानपणी घाई करून मधलेच एखादे फूल ओढले, तर ती म्हणे, "एक काडलें की सगळी सुटतली गो!" मजकुराचेही तसेच आहे. 'कप' आणि 'पक' यांत फुले तीच, पण क्रम निराळा. म्हणून फाती निराळी. क्रम हाच तिचा प्राण.

तेवढ्या एका उपमेच्या आधारावर मी वर्गात पाऊल टाकले. आरंभी तुम्हांला आठवत असेल ती गंमत बेरजेची. १२ आणि १२ यांची बेरीज २४. परंतु तेच आकडे अवतरणचिन्हांत घातले की यंत्र त्यांना संख्या मानत नाही, मजकूर मानते, आणि एका माळेला दुसरी माळ बांधून '१२१२' असे उत्तर देते. "बाई, यंत्राला बेरीज येत नाही!" असा एकच गलका झाला. बेरीज त्याला येत होती. आपण त्याला काय दिले आहे हे आपल्याला कळले नव्हते. पुढे आपण त्या मजकुराचे संख्येत रूपांतर केले, तेव्हा आपले देवनागरी आकडेही पायथनने बिनतक्रार ओळखले आणि २४ हे उत्तर दिले; छापले मात्र ते इंग्रजी आकड्यांत.

मग मोजण्याचा पाठ आला. माळेत किती चिन्हे आहेत हे सांगणारी 'लेन' नावाची आज्ञा आहे. मी फळ्यावर 'शाळा' हा शब्द लिहिला आणि विचारले, "अक्षरे किती?" सगळा वर्ग म्हणाला, "दोन." यंत्र म्हणाले, चार. 'पुस्तक' म्हणजे आपल्या लेखी तीन अक्षरे. यंत्राच्या लेखी सहा. 'क्षमा' आपल्याला दोन, त्याला पाच. 'म्हापसा' आपल्याला तीन, त्याला सात! हे काय गौडबंगाल आहे, ते त्या दिवशी मलाही सांगता आले नाही. मी मुलांना म्हटले, "उद्या सांगते." शिक्षकाने हे वाक्य उच्चारण्यास लाजू नये, असे आता माझे मत झाले आहे.

उलगडा असा. जगातील लिप्यांमधील चिन्हांना एकेक क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक विभाग राखला आहे. 'अ' चा क्रमांक २३०९, 'क' चा २३२५. परंतु 'का', 'कि', 'कु' यांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. काना निराळा, वेलांटी निराळी, उकार निराळा, आणि व्यंजनाचा पाय मोडणाऱ्या चिन्हालाही २३८१ हा आपला क्रमांक आहे. म्हणून 'पुस्तक' हा शब्द यंत्राच्या पोटात असा असतो : प, उकार, स, पायमोड, त, क. एकूण सहा. आपण अक्षर वाचतो. यंत्र चिन्ह मोजते. हा भेद एकदा मनात ठसला की पुढच्या पुष्कळ गाठी आपोआप सुटतात.

तेव्हा मी तुम्हांला पुठ्ठ्याचे तुकडे कापायला लावले होते. एका तुकड्यावर एक चिन्ह. ते तुकडे बाकावर ओळीने मांडून आपण शब्द तयार केले आणि प्रत्येकाखाली खडूने क्रमांक लिहिले; पहिल्या चिन्हाखाली शून्य! यावर झालेला वाद तास संपल्यावरही व्हरांड्यात चालू होता. पहिल्याला शून्य म्हणणे हा त्या चिन्हाचा अपमान नव्हे काय? शेवटी एका मुलाने कंपासपेटीतील पट्टी वर धरली आणि म्हणाला, "हिच्यावरची पहिली खूणही शून्याचीच आहे." तुमच्या पाठ्यपुस्तकाने जे चार ओळींत सांगितले नसते ते त्याने चार शब्दांत सांगितले. यंत्र नंबर देत नाही, आरंभापासूनचे अंतर सांगते. पहिले चिन्ह आरंभापासून शून्य अंतरावर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ती पट्टी हाती आल्यावर कापणे सोपे झाले. 'सोमवार' या शब्दात यंत्राच्या हिशेबाने सहा चिन्हे. शून्यापासून तीनपर्यंत कापले की 'सोम' मिळतो आणि तीनपासून पुढे 'वार' उरतो. पण 'शुक्रवार' घेतला की तीनवर कापून भलताच तुकडा हाती येतो. कारण 'शुक्र' यातच पाच चिन्हे आहेत. यावर तुम्हीच तोड काढली : पुढून मोजू नये, मागून मोजावे. 'वार' सातही दिवसांना शेवटी आहे आणि तो नेहमी तीनच चिन्हांचा आहे. पायथनमध्ये मागून मोजण्यासाठी ऋण अंक वापरतात. तेव्हा शेवटची तीन चिन्हे वगळा, की कोणत्याही दिवसाचे मूळ नाव उरते. जे बदलत नाही त्याच्या आधाराने जे बदलते ते शोधावे, हा धडा संगणकापुरताच आहे असे मला वाटत नाही.

सर्वांत अधिक हशा पिकला तो उलटसुलट वाचण्याच्या खेळात. 'सरस', 'कनक', 'नयन' हे शब्द कोणत्याही टोकाकडून वाचा, तेच राहतात. आपण आज्ञावली लिहिली : शब्द उलटा करा, मूळ शब्दाशी ताडून पाहा, सारखा असेल तर 'होय' म्हणा. 'सरस' ला यंत्राने 'होय' म्हटले. मग कोणीतरी 'नवीन' दिला. डोळ्यांना तो दोन्हीकडून सारखाच. पण यंत्र म्हणाले, 'नाही'. उलटा केलेला शब्द पडद्यावर पाहिला तर 'नीवन'! 'जहाज' चे झाले 'जाहज', 'समास' चा झाला 'सामस'. 'शाळा' तर उलटी करताच पहिला काना निराधार झाला. त्याला टेकायला यंत्राने ठिपक्यांचे एक वर्तुळ देऊ केले. कारण उघड आहे. मात्रा ही आपल्या आधीच्या व्यंजनाच्या आश्रयाने राहते. पुठ्ठ्याचे तुकडे उलट क्रमाने मांडले की ती आपले घर सोडून शेजारच्या घरी जाते. तिला आपल्या व्यंजनाशी बांधून, मग अख्खी अक्षरे उलटी करावी लागतात. ते काम तुम्हांपैकी तिघांनी दोन दिवस खपून केले, आणि 'चिमा काय कामाची' हे जुने वाक्यही त्यात घालून पाहिले. तेथे आरंभीची वेलांटी ऱ्हस्व आणि शेवटची दीर्घ असल्यामुळे यंत्र पुन्हा 'नाही' म्हणाले. आपल्या पूर्वजांनी कानाने खेळलेला खेळ यंत्र डोळ्यांत तेल घालून खेळते, दुसरे काय!

बदलण्याच्या आज्ञेनेही आपल्याला असेच हातोहात फसविले. एका गोष्टीतील 'राम' काढून सर्वत्र 'श्याम' घालावा असे आपण ठरविले. राम गेला, श्याम आला. पण त्याबरोबर 'आराम' चा 'आश्याम' झाला. हे तरी समजण्यासारखे होते. 'ग्राम' या शब्दाचे 'ग्श्याम' असे भयंकर रूप झाले, तेव्हा मात्र वर्ग थक्क झाला. 'ग्राम' मध्ये राम कोठून आला? ग, पायमोड, र, काना, म. शेवटचे तीन तुकडे पाहा : र, काना, म. राम तेथे लपलेला होता. आपल्या डोळ्यांना तो कधी दिसला नव्हता, एवढेच.

आता ज्या प्रसंगासाठी ही लेखणी उचलली त्याकडे येते.

वर्गात एक अबोल मुलगी आहे. तिचे नाव मी येथे देत नाही. त्या नावाचे पहिले अक्षर 'ॲ' आहे, एवढे सांगितले तरी पुरे. तिच्या घरी कोंकणी, माझ्या घरीही कोंकणी. शाळेत आम्ही दोघी मराठी बोलतो, आणि संगणकाच्या आज्ञा तर इंग्रजी. एखाद्या पाहुण्याने तीन उंबरठे ओलांडून आत यावे तशी ती प्रत्येक उत्तरापूर्वी क्षणभर थांबते.

एके दिवशी आपण खरी अक्षरे मोजण्याची युक्ती शोधत होतो. बरीच डोकेफोड झाल्यावर नियम सापडला : व्यंजने आणि स्वर मोजावेत, त्यांतून पायमोडीची चिन्हे वजा करावीत. 'पुस्तक' मध्ये व्यंजने चार, पायमोड एक, उत्तर तीन. 'म्हापसा' मध्ये चार वजा एक, तीन. सर्वत्र बरोबर! आम्ही आनंदात असताना ती हळूच उठली आणि म्हणाली, "बाई, 'अर्थात्' घेऊन पाहा." तेथे नियम कोसळला. शेवटच्या 'त्' चा पाय मोडलेला आहे, पण तो कोणाला जोडलेला नाही. त्यामुळे तीन अक्षरांचा शब्द नियमाने दोन अक्षरांचा ठरत होता. साऱ्या वर्गाला न दिसलेली फट तिने दाखविली होती.

त्याच तासाला तिने आणखी एक शंका काढली. स्वरांच्या यादीत आपण 'अ' पासून 'औ' पर्यंतचे स्वर घातले होते. ती म्हणाली, "बाई, माझा ॲ यात नाही." घंटा होत आली होती. मी घाईने म्हटले, "तो पाहुणा स्वर आहे. त्याचे पुढे पाहू." ती बसली. मी फळा पुसला. ते 'पुढे' आले नाही.

पुढे वाचन उपक्रमाच्या समारंभाची तयारी सुरू झाली. वर्षभरात ज्यांनी वीसांहून अधिक पुस्तके वाचली त्यांना व्यासपीठावर बोलावून प्रशस्तिपत्रे द्यायची होती. एक यादी हजेरीपटाची, मी शाळेच्या संगणकावर टंकित केलेली. दुसरी पुस्तकांच्या नोंदींची, तुम्हीच मोबाइलवर लिहून दिलेली. दोन्ही यादींतील नावे ताडून, हजेरीक्रमाने मानकऱ्यांची यादी छापणारी आज्ञावली मी स्वतः लिहिली. मला तिचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! कला शाखेच्या पदवीधर बाईंनी लिहिलेली पहिली उपयोगी आज्ञावली. छापून आलेला कागद मी पुन्हा वाचूनही पाहिला नाही. यंत्र चुकत नाही, असे मी ऐकले होते.

समारंभ झाला. नावे पुकारली गेली, टाळ्या पडल्या, मुले एकामागून एक व्यासपीठावर येऊन गेली. सर्व संपल्यावर मी खुर्च्या आवरत होते. ती माझ्याजवळ आली. तिचे आई-वडील दारापाशी उभे होते. वडिलांनी त्या दिवसासाठी कामावर रजा घेतली होती, हे मला मागाहून कळले. ती मराठीत बोलली नाही. अगदी हळू आवाजात तिने विचारले, "बाई, म्हजें नांव ना?"

तिने सर्वांहून अधिक पुस्तके वाचली होती.

मी तिला काय उत्तर दिले ते मला नीट आठवत नाही. काहीतरी चाचरत बोलले असेन. त्या रात्री मात्र मी दोन्ही याद्या समोर घेऊन बसले. तिचे नाव दोन्हींत होते. एकाखाली एक ठेवून पाहिले : तीच अक्षरे, तेच वळण, तिळभर फरक नाही. यंत्राला विचारले, "ही दोन सारखी आहेत काय?" यंत्र म्हणाले, "नाही." मोकळी जागा राहिली असेल म्हणून दोन्ही टोके 'स्ट्रिप' या आज्ञेने छाटून पाहिली, उत्तर तेच. शेवटी मी प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापून घेतला, आणि उलगडा झाला.

मोबाइलवरील तिच्या नावाचे पहिले चिन्ह होते २४१८. हजेरीपटात त्या जागी दोन चिन्हे होती : २३०९ आणि २३७३. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ साली आले. तत्पूर्वी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र काढीत. अनेक कळफलकांवर आणि अनेकांच्या बोटांत ती सवय अजून आहे, आणि माझ्या बोटांतही होती. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन निराळ्या मुलींची नावे होती. अकारविल्हे लावलेल्या यादीत एक सर्वांत वर, 'अ' च्या पंक्तीत. दुसरी सर्वांत खाली, 'ह' च्याही मागे. मी त्या स्वराला पाहुणा म्हटले होते. यंत्रानेही त्याला पाहुण्यासारखेच दाराबाहेर, पंक्तीच्या शेवटी बसविले होते.

पण खरा दोष यंत्राचा नव्हता, आणि त्या क्रमांकांचाही नव्हता. नाव सापडले तर छाप, असे मी यंत्रास सांगितले होते. नाव सापडले नाही तर काय करायचे, हे मी सांगितलेच नव्हते. म्हणून ते नाव त्याने निमूटपणे गाळले. एक ओळ अधिक लिहिली असती, 'न सापडलेली नावे वेगळी दाखव' अशी, तर तिचे नाव आदल्या रात्रीच माझ्या डोळ्यांसमोर आले असते.

त्या रात्री मला आमच्या घरातील एक जुनी गोष्ट आठवली. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. त्या काळच्या दप्तरांत आपली नावे रोमी लिपीत आणि पोर्तुगीज वळणाने लिहिली जात. प्रभूंचे 'पोरोबो' होत आणि कामतांचे 'कामोतीम'. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर नव्या कागदांत नावे नव्या पद्धतीने लिहिली जाऊ लागली. आजोबांच्या पश्चात घराचे कागद करताना, जुन्या कागदातील गृहस्थ आणि नव्या कागदातील गृहस्थ एकच, हे सिद्ध करण्यासाठी माझ्या वडिलांना एका कचेरीत किती खेटे घालावे लागले! तेथे बसलेल्या माणसाला ते दोघे निराळे दिसत होते. कारण तो नाव पाहत नव्हता, अक्षरे ताडून पाहत होता. संध्याकाळी वडील घरी येत आणि पादत्राणे काढताना म्हणत, "आजही बाबा दोनच होते." आम्ही हसत असू. ते हसत नसत. त्या कचेरीतील माणसाचा मला लहानपणी फार राग येई. त्या रात्री मला कळून चुकले की माझ्या आज्ञावलीने अगदी तेच केले होते, आणि ती आज्ञावली मी लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सर्वांसमोर चूक कबूल केली आणि मुख्याध्यापकांच्या हस्ते तिला प्रशस्तिपत्र देण्यात आले. मी तिला म्हटले, "म्हजीच चूक जाली, बाये." ती काही बोलली नाही, प्रशस्तिपत्रावरील आपले नाव मात्र तिने बोट फिरवून वाचले. आदल्या दिवशीच्या टाळ्या आणि वडिलांची ती रजा मला परत देता आली नाही. चूक सुधारता येते, पण ती घडलेली नव्हती असे करता येत नाही.

त्यानंतरचा संगणकाचा तास तिने घेतला, हे तुम्हांला आठवत असेल. फळ्यावर तिने प्रथम तीन क्रमांक लिहिले आणि मग सांगितले : दोन नावे ताडण्यापूर्वी ती एका वळणाची करून घ्यावीत. टोकाची मोकळी जागा छाटावी. मध्ये चुकून दोनदा पडलेली जागा एक करावी. 'अ' वर चंद्र अशी जोडी दिसली की तिच्या जागी एकच 'ॲ' घालावा. आणि एवढे करूनही जे नाव जुळणार नाही ते गाळू नये. माणसाच्या हाती द्यावे. तुम्ही तिच्या यादीत भर घातलीत. 'दऱ्या', 'वाऱ्या' या शब्दांतील अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो आणि त्यांपैकी एकीत डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येऊन बसते, हा शोध मागच्या बाकावरचा. स्वरांच्या यादीतही आम्ही 'ॲ' आणि 'ऑ' यांना रीतसर बसविले. महाराष्ट्र शासनाने तर २००९ सालीच प्रमाण वर्णमालेत त्यांना स्थान दिले होते. मराठीची शिक्षिका असून मीच ते विसरले होते.

मित्रहो, सुट्टीत हात मोकळा राहू नये म्हणून काही अभ्यास सुचविते. आपल्या गावाचे नाव घ्या. त्यातील चिन्हे आधी पुठ्ठ्यावर, मग यंत्राकडून मोजा. घरातील सर्वांची पूर्ण नावे 'स्प्लिट' या आज्ञेने तोडून प्रत्येकाची आद्याक्षरे काढा, आणि ज्याच्या नावाचे तीनऐवजी दोनच तुकडे पडतात तेथे तुमची आज्ञावली कोसळते की सावरते ते पाहा. नावे अकारविल्हे लावा आणि 'ळ' हे व्यंजन यंत्र कोठे ठेवते ते शोधा. आपण ते वर्णमालेच्या शेवटाकडे म्हणतो, यंत्र 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसविते. दहा शब्द असे काढा की ज्यांच्या पोटात दुसरा शब्द लपलेला आहे. प्रत्येक वेळी उत्तर आधी वहीत लिहा, मग यंत्राला विचारा. दोन्ही उत्तरे जुळली तर पुढे जा. जुळली नाहीत तर थांबा. शिकण्याची जागा तीच.

हा अभ्यास क्षुद्र वाटेल. अक्षरे मोजणे, तोडणे, उलटी करणे, मोकळी जागा छाटणे; यात पराक्रम तो कोणता? परंतु उद्या तुमच्यापैकी कोणी रुग्णालयाची नोंदवही यंत्रावर ठेवील, कोणी शिधापत्रिकांची यादी, कोणी मतदारांची. त्या प्रत्येक यादीत चिन्हांची एक माळ असेल आणि त्या माळेच्या पलीकडे एक माणूस उभा असेल. यंत्राला माळ दिसेल. माणूस पाहण्याचे काम तुमचे.

आजी फाती पुरी झाली की लगेच कोणाच्या केसांत माळत नसे. दोन्ही टोके धरून ती उजेडात नेई आणि सुटलेले फूल कोठे राहिले आहे काय, ते परडीत डोकावून पाही. परडीच्या तळाशी एखादे फूल हमखास सापडे. ते ती टाकून देत नसे. गाठ सोडून त्याला जागा करी. आता कोणतीही यादी छापण्यापूर्वी मी परडीच्या तळाशी पाहते. तुम्हीही पाहत जा.